लहान मुलांसाठी ऑनलाइन भूलभुलैया: तयार खेळ कसा निवडावा, स्वतः कसा बनवावा?

पाटीपेन्सिल
वय वर्षे ४ आणि ६. 'सशाला गाजरापर्यंत पोचवा' छापाचे साधे खेळ हवे आहेत. फोन, टॅब आणि जुना लॅपटॉप अशा तिन्हींवर चालायला हवेत. जाहिराती नकोत, घड्याळ नको. तयार खेळात नेमकं काय तपासायचं? आणि स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून खेळ बनवायचं साधन) स्वतःच बनवायचा झाला तर मांडणी कशी करायची? स्क्रॅचची तोंडओळख आहे, त्यापुढे फारसं काही नाही.

वाटसरू_७
आधी एक भेद डोक्यात पक्का करा. भूलभुलैयात दोन प्रकारची अवघड कामं असतात: वाट शोधणं आणि बोट (किंवा माउस) सांभाळणं. चार वर्षांच्या मुलासाठी पहिलं हवं, दुसरं नको. बहुतेक फुकट खेळांत नेमकं उलटं असतं. कोडं पोरकट आणि बोटाची कसरत मोठ्यांची. मूल रडकुंडीला येतं ते वाट सापडत नाही म्हणून नव्हे, ससा कोपऱ्याला अडकतो म्हणून.

तयार खेळ मुलाच्या हातात देण्यापूर्वी तुम्ही उजवे असाल तर डाव्या हाताने तीन पातळ्या खेळून बघा. मग हे पाहा:

– भिंतीला लागल्यावर काय होतं? जागच्या जागी थांबणं चांगलं. सुरुवातीला परत फेकणं, किंचाळणारा आवाज, 'खेळ संपला' अशी पाटी असेल तर तो खेळ बाद.
– बोट उचलल्यावर ससा जागेवर राहतो का? काही खेळांत बोट उचललं की पुन्हा पहिल्यापासून. लहान मुलं मध्येच बोट उचलून विचार करतात, तेव्हा हाही बाद.
– 'भिंतीवर माउस नेला की हरलात' या जातीचे खेळ टचस्क्रीनवर चालतच नाहीत. बोट न टेकवता नुसतं वरून फिरवणं हा प्रकार टचला नसतो, त्यामुळे मूल थेट शेवटावर बोट ठेवतं आणि जिंकतं.
– पूर्ण नकाशा एका नजरेत दिसतो का? ससा जाईल तसा पडदा सरकत असेल तर सात वर्षांच्या आत देऊ नका.

खडूफळा
वरच्या यादीत एक ठळक भर. 'स्केरी मेझ' या नावाने फिरणारा एक जुना खेळ आहे. दिसायला निरुपद्रवी, वाट अरुंद होत जाते, खेळणारा पडद्याजवळ वाकतो आणि अचानक भयानक चेहरा आणि किंकाळी. त्याच्या नकला अजून ढिगाने सापडतात, काहींचं नाव अगदी साधं असतं. म्हणून शोधून सापडलेला खेळ शेवटच्या पातळीपर्यंत स्वतः खेळा. पहिल्या दोन पातळ्यांवरून काही कळत नाही.

दुसरं, जुन्या याद्यांमधले बरेच दुवे मेलेले आहेत. ते खेळ फ्लॅशवर (ब्राउझरमध्ये खेळ चालवणारं अडोबीचं जुनं सॉफ्टवेअर) होते. अडोबीने फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तो प्लेयरच फ्लॅशचा मजकूर चालवेनासा झाला. 'खेळण्यासाठी फ्लॅश उतरवून घ्या' असं कोणी सांगत असेल तर ते पान तिथेच बंद करा, खरा फ्लॅश आता मिळत नाही. काही संग्रहांनी जुने खेळ 'रफल' नावाच्या इम्युलेटरवर (फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) पुन्हा चालते केले आहेत. त्यांत काही उतरवावं लागत नाही, ते चालतात.

बारक्या_बग
वयानुसार आकार, ढोबळमानाने:

३ वर्षे: फाटाच नसलेली, वळणावळणांची एकच वाट. ४ वर्षे: ४×४ किंवा ५×४ घरं, बंद बोळ दोन-तीन. ५-६ वर्षे: ६×६ ते ८×६. सात वर्षांनंतर १०×१० आणि पुढे.

फोनवर घराचा आकार मिलिमीटरमध्ये मोजा. अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे बोट लावायची जागा सुमारे ९ मिमी तरी असावी, आणि ती मोठ्यांसाठी. लहानांना १२ ते १५ मिमी द्या. आडव्या फोनची वापरायची उंची साधारण ६५ मिमी धरली तर सहा ओळींत घर ११ मिमीचं होतं, चार ओळींत १६ मिमीचं. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला फोनवर चार ओळींच्या वर जाऊ नये. टॅबवर सहा ओळी आरामात बसतात.

तिरपागडे
तीन वर्षांवाल्यांच्या एकाच वाटेवरून आठवलं. आपण भूलभुलैया आणि चक्रव्यूह हे शब्द एकाच अर्थाने वापरतो, पण चित्रांत परंपरेने येणारा चक्रव्यूह फाटे नसलेलाच असतो. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावरचं चक्रव्यूहाचं शिल्प बघा, किंवा गोव्यात सांगे तालुक्यात उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेली गोल आकृती. आत शिरलं की एकच वाट फिरत फिरत मध्यात नेते, चुकायला जागाच नाही. लहानग्यांना बोट फिरवायला याहून चांगला नमुना नाही. मोठा करून कागदावर छापा, वाटेची रुंदी २ सेंमी ठेवा, आधी बोटाने आणि मग खडूने. पडदा त्यानंतर.

पाटीपेन्सिल
छान माहिती मिळतेय. आता स्क्रॅचबद्दल. पाठीमागे भूलभुलैयाचं चित्र, भिंती काळ्या, बाण दाबला की ससा ५ पावलं पुढे आणि काळ्या रंगाला लागला की ५ मागे, अशी पद्धत सगळीकडे शिकवतात. तीच धरायची ना?

वाटसरू_७
ती धरू नका. शिकायला सोपी, खेळायला वाईट. आकडे बघा. स्क्रॅचचा मंच, म्हणजे खेळ दिसतो तो चौकोन, ४८० × ३६० पावलांचा. त्यात ८×६ घरं म्हणजे घर ६० चं. भिंत ८ जाडीची धरली तर गल्ली उरते ५२ ची. ससा ३४ चा असेल तर मोकळीक १८. आता ससा आडवा पळतोय आणि मुलाला वर वळायचंय. वळता येईल अशी पट्टी फक्त १८ ची. स्क्रॅच सेकंदाला ३० वेळा फिरतं, म्हणजे ५ च्या वेगाने ससा सेकंदाला १५० जातो आणि ती पट्टी ०.१२ सेकंदात ओलांडतो. चार वर्षांच्या मुलाला हे जमणार नाही, कित्येक मोठ्यांनाही नाही. वेग ३ केला तरी ०.२ सेकंदच मिळतात, वर खेळ रटाळ होतो.

शिवाय ससा वळताना चित्र फिरवलं तर कान भिंतीत घुसतात, मग पुढे जाऊ तरी 'स्पर्श', मागे जाऊ तरी 'स्पर्श', आणि ससा कायमचा रुततो. 'ससा अडकलाय' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. फिरण्याची पद्धत 'डावी-उजवी' किंवा 'फिरू नको' केली की सुटतं.

खडूफळा
वेग जास्त ठेवला तर ससा भिंतीतून आरपारही जातो. तेही लिहा.

वाटसरू_७
३४ चा ससा ५ किंवा १० च्या पावलाने ८ च्या भिंतीतून आरपार जाऊ शकत नाही. त्यासाठी एका पावलात ससा आणि भिंत मिळून ४२ हून जास्त अंतर जावं लागेल. मोठ्या पावलाने वेगळं बिघडतं: ससा भिंतीच्या अलीकडेच थांबतो, फट राहते आणि तो वळणाशी जुळत नाही. आरपार जाण्याचं खरं कारण 'माउसच्या जागी जा' हा ठोकळा, किंवा सशाला 'ओढता येईल' असं ठेवणं. त्यात ससा मधली जागा न चालता उडीच मारतो. दोन्ही टाळा.

खडूफळा
बरोबर, ठोकळ्यांत गल्लत झाली.

बारक्या_बग
मग घरामागून घर चालणारी पद्धत लिहितो. रंग नाही, स्पर्श नाही, अडकणं नाही. ४ वर्षांसाठी ५×४, घर ९० चं.

१. नकाशा. 'घरं' नावाची यादी करा, २० नोंदी, दर घराला एक. प्रत्येक नोंदीत चार आकडे, क्रमाने उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. उघडं असेल तर १, भिंत असेल तर ०. उदाहरणार्थ ०११० म्हणजे उजवीकडे आणि खाली जाता येतं. प्रकल्पात नेहमीचे इंग्रजी आकडे टाका, इथे फक्त सोयीसाठी देवनागरी. आणि या संकेतांवर बेरीज-वजाबाकी करू नका, पुढचं शून्य गळून पडतं आणि सगळ्या दिशा एक जागा सरकतात.

२. जागा. 'ओळ' आणि 'रांग' असे दोन चल (बदलता आकडा ठेवायच्या जागा). ओळ वरून खाली १ ते ४, रांग डावीकडून १ ते ५. यादीतला क्रमांक = (ओळ − १) × ५ + रांग. मंचावर क्ष = −१८० + (रांग − १) × ९०, य = १३५ − (ओळ − १) × ९०. ८×६ साठी ५ च्या जागी ८, आणि क्ष −२१० पासून, य १५० पासून, टप्पा ६० चा. स्क्रॅचमध्ये यादी १ पासून सुरू होते, ० पासून नाही. इतर भाषांतून आलेले लोक हमखास इथे चुकतात.

३. चाल. बाणांची बटणं नकोत. मुलाने सशाच्या ज्या बाजूला बोट लावलं त्या बाजूला ससा एक घर जाईल. हेच टॅबवर, फोनवर आणि लॅपटॉपच्या माउसनेही चालतं. बोट टेकलं की बोटाचा क्ष वजा सशाचा क्ष काढा, तसाच य चा फरक. दोन्हींपैकी ज्याचा आकार मोठा (चिन्ह सोडून) ती दिशा. क्ष मोठा आणि धन असेल तर पूर्व, ऋण असेल तर पश्चिम. य मोठा आणि धन असेल तर उत्तर, नाहीतर दक्षिण.

४. त्या दिशेचा आकडा १ असेल तर ओळ किंवा रांग एकने बदला आणि नव्या क्ष-यकडे ०.२५ सेकंदात सरका. ० असेल तर लहानसा 'टक' आवाज आणि काही नाही.

५. हे सगळं 'कायम' या सतत फिरणाऱ्या ठोकळ्यात. बोट दाबून धरलं तर ससा घराघराने चालत राहतो. एका टेकीला एकच घर हवं असेल तर शेवटी 'बोट उचलेपर्यंत थांब' लावा. ४ वर्षांसाठी लावा, ६ साठी काढा.

चुका कुठे होतात: बोट नेमकं सशावरच टेकलं तर दोन्ही फरक क्षुल्लक असतात आणि ससा भलतीकडे जातो. म्हणून दोन्ही फरक ४५ पेक्षा कमी असतील तर काहीच करू नका (६० च्या घराला ३०). दुसरं, 'क्ष ९० ने बदला' असं चालवू नका. मध्येच लाल बटण दाबलं गेलं की ससा अर्ध्यात राहतो आणि पुढचा सगळा हिशेब तिरका. जागा नेहमी ओळ-रांगेवरूनच काढा.

पाटीपेन्सिल
आणि भिंती? चित्र वेगळं काढायचं तर यादीशी जुळलं पाहिजे.

बारक्या_बग
चित्र काढूच नका. 'पेन' विस्तार जोडा आणि एका लपवलेल्या पात्राकडून यादी वाचूनच भिंती काढून घ्या. प्रत्येक घराच्या मध्यापासून ४५ अंतरावर कोपरे. ज्या दिशेला ० तिथली कड ओढा, पेनची जाडी ६ ते ८. यादी बदलली की चित्र आपोआप बदलतं. हा भाग स्वतःच्या ठोकळ्यात ठेवून 'पडदा ताजा न करता चालव' वर खूण करा, नाहीतर भिंती एकेक करून उगवताना दिसतात (मुलांना आवडतं, पण दर वेळी नाही). 'सगळं पुसा' फक्त हिरव्या झेंड्यानंतर, भिंती काढण्याआधी.

मोडीवाचक
यादी हाताने भरताना ठरलेली चूक म्हणजे एका घराची पूर्व १ पण शेजाऱ्याची पश्चिम ०. मग जाता येतं, परत येता येत नाही. तपासायला सोपी युक्ती: फेरे नसलेल्या, सगळी घरं जोडलेल्या भूलभुलैयात उघडी दारं घरांच्या संख्येपेक्षा एकने कमी असतात. २० घरांना १९ दारं. प्रत्येक दार दोन घरांत नोंदलं जातं, म्हणून यादीतले सगळे १ मोजले तर ३८ यायला हवेत. ८×६ मध्ये ४८ घरं, ४७ दारं, ९४. विषम संख्या आली तर कुठेतरी एकतर्फी दार राहिलंच आहे.

वाटसरू_७
यावर विसंबून राहू नका, ३८ येऊनही चुकू शकतं. एका बाजूला चार घरांचा गोल फेरा आणि दुसरीकडे एक कोंडलेलं घर, तरीही बेरीज ३८. दोन एकतर्फी दारं असतील तरी बेरीज समच येते. शेवटी पेन्सिलीने प्रत्येक घरापर्यंत जाऊन बघावंच लागतं.

मोडीवाचक
मान्य. बेरीज चुकली तर चूक नक्की आहे, बरोबर आली तर नुसती शक्यता कमी झाली, इतकंच.

नकाशे संगणकाकडून करून घ्यायचे असतील तर दोन रीती पुरेत. पहिली 'मागे फिरणारी': कुठल्याही घरापासून सुरू करा, न पाहिलेल्या शेजाऱ्यांपैकी एक सोडतीने निवडा, मधली भिंत पाडा, पुढे जा. कोंडी झाली की आल्या वाटेने मागे या आणि जिथे न पाहिलेला शेजारी सापडेल तिथून पुन्हा सुरू. सगळी घरं झाली की थांबा. स्क्रॅचमध्ये 'आली वाट' ठेवायला दुसरी यादी लागते, एवढंच. हिने लांबलांब वळणाच्या गल्ल्या बनतात, बंद बोळ थोडे पण खोल. दुसरी प्रिमची रीत: झालेल्या भागाच्या कडेची कुठलीही भिंत सोडतीने निवडायची, पलीकडचं घर नवं असेल तर पाडायची. हिने आखूड बंद बोळ खूप होतात.

लहानांना दुसरी बरी, हे उलटं वाटेल. पण एक-दोन घरांचा बंद बोळ नजरेलाच दिसतो, शिरलं तरी लगेच कळतं. पहिल्या रीतीत मूल दहा घरं चालून मग आपटतं, आणि परत कुठवर यायचं ते आठवत नाही.

सोडतीत निघालेला प्रत्येक नकाशा घेऊ नका. ५×४ मध्ये कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कमीत कमी ७ चाली लागतात, आणि चालींची संख्या नेहमी विषमच येते: ७, ९, ११. सातवाले टाकून द्या, उताराला पाणी वाहावं तशी वाट असते ती. ९ ते १३ ठेवा. ८×६ मध्ये किमान १२, तिथे संख्या सम.

खडूफळा
सशामागे वाट उमटू द्या. प्रत्येक घर सोडताना पेनने एक फिका ठिपका, परत त्याच घरात आलं की गडद. मग 'इथे आपण आलो होतो' हे सांगावं लागत नाही. रंगाचं म्हणाल तर वाट पांढरी, भिंती गडद निळ्या, ठिपके पिवळे-नारिंगी. लाल-हिरव्या जोडीवर फरक अवलंबून ठेवू नका, काही मुलांना तो दिसत नाही.

निमाआत्या
सहा वर्षांवाल्याला पुढची पायरी म्हणून 'ब्लॉकली गेम्स'मधला भूलभुलैया बघा. तिथे बोटाने चालवायचं नाही, 'पुढे जा', 'वळा' असे ठोकळे जोडून हुकूम लिहायचे आणि मग चालवायचं. दहा पातळ्या आहेत, जाहिराती नाहीत. तिसऱ्या पातळीला दोनच ठोकळ्यांत पोचायचं असतं, तिथे 'पुन्हा पुन्हा' हा ठोकळा कळतो. दहावी पातळी सहा वर्षांसाठी नाही, तिथे डाव्या भिंतीला धरून चालत राहण्याची युक्ती ठोकळ्यांत मांडावी लागते.

अडचण एकच, आणि ती ठरलेली: 'डावीकडे वळ' म्हणजे चालणाऱ्याचं डावं. बाहुला खाली तोंड करून असेल तर ते आपलं उजवं. त्या क्षणी टॅब तेवढा फिरवून धरा, किंवा फरशीच्या चौकोनांवर मुलाला स्वतःला चालवून बघा. त्याआधीची पायरी हवी असेल तर स्क्रॅच ज्युनियर: तिथे वर, खाली, डावं, उजवं असे थेट बाण आहेत आणि मंच २०×१५ घरांचा आहे. मात्र भिंतीच्या रंगाची तपासणी तिथे नाही. अडथळे वेगळी पात्रं म्हणून मांडायचे आणि 'धडक झाल्यावर' हा ठोकळा वापरायचा.

बारक्या_बग
हुकूम-पद्धत आणि बोट-पद्धत एकाच दिवशी देऊ नका, मूल ठोकळे सोडून बाहुल्यालाच ओढू लागतं.

पाटीपेन्सिल
शेवटचं: बनवलेला खेळ नेटशिवाय कसा चालवायचा? आणि मूल खेळातून बाहेर पडू नये म्हणून?

वाटसरू_७
'टर्बोवार्प पॅकेजर' स्क्रॅचच्या प्रकल्पाची एकच एचटीएमएल फाइल करून देतो. लॅपटॉपवर ती दोनदा टिचकी मारून उघडते, नेट लागत नाही. आवाज आणि चित्रं आतच असतात.

मूल बाहेर पडू नये म्हणून पडदा एकाच ॲपवर अडकवायची सोय वापरा: आयपॅडवर 'गायडेड ॲक्सेस', अँड्रॉइडवर 'ॲप पिनिंग' सुरू करा. पण पिनिंगने ब्राउझरमधलं 'मागे जा' थांबत नाही. हावभावांवर चालणाऱ्या फोनमध्ये कडेवरून बोट आत ओढलं की मागचं पान येतं, आणि डाव्या कडेच्या रांगेत ससा असला की मुलं हटकून तिथूनच ओढतात. ५×४ मध्ये मंचाच्या दोन्ही बाजूंना १५-१५ जागा मोकळी राहते, पण ती पुरत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये तीन बटणांची पट्टी निवडलीत की कडेची भानगड संपते. ८×६ मध्ये तर काठालगत जागाच नाही, म्हणून तिथे घर ५२ चं करा, क्ष −१८२ पासून, य १३० पासून. चारी बाजूंना जागा सुटते, आणि वरच्या मोकळ्या पट्टीत 'सशाला गाजर द्या' ही सूचना मराठीत बसते. पण ती अक्षरं स्क्रॅचच्या पोशाखाच्या संपादकात (पात्राचं चित्र काढायच्या जागी) टाइप करू नका. तिथल्या फॉन्टात देवनागरी नसेल तर यंत्रागणिक वेगळी दिसते, कधी चौकोन येतात. बाहेर चित्र म्हणून तयार करून आत घ्या, आणि जोडीला स्वतःच्या आवाजात वाक्य ध्वनिमुद्रित करून झेंड्याला जोडा. चार वर्षांच्या मुलाला तेच कामी येणार.